पाववाल्याचा श्वास

१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली आणि पुढे दोन वर्षे त्या चहा-बिस्किटांनी पुणे शहर ढवळून काढले. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता ओठांना लावला, कोणी शिवलासुद्धा नाही. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावे छापून आणली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांचे कमिशन बसले, अखेर प्रायश्चित्ते झाली. ही हकीकत आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. ती शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात हटकून येते. बिस्किट कोणी खाल्ले याची एवढी बारीक चौकशी झाली, पण ते कोणी भाजले हे विचारण्याचे कोणालाच कारण पडले नाही.

यात पुणेकरांचा खास दोष नाही. आपल्या बारा बलुत्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी-परीट आहेत. पण भाकरी भाजणारा नाही. भाकरी ही घरची गोष्ट. दळण घरी, पीठ घरी, चूलही घरी. जनाबाईच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष विठ्ठल आला अशी आपली श्रद्धा, ती दळणाचे कष्ट आपल्याला ठाऊक होते म्हणूनच. पण जात्यावरची बाई पहाटे घरापुरते दळी आणि उठे. पिठाच्या धुळीत रात्रीची रात्र काढणारा, आयुष्यच काढणारा माणूस आपल्या गावगाड्यात नव्हता. तो पावाबरोबर आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, पाद्री आले, आणि साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांनी पाव करण्याची विद्या उचलली. यीस्ट नव्हते, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवले. गोव्यात त्या माणसाला आजही ‘पोदेर’ म्हणतात; शब्दही पोर्तुगीजांचाच. पुढे मुंबईत गोवेकर आले, इराणी आले, हल्ली भट्टीवर उत्तरेकडचे लोक अधिक दिसतात. आपण मराठी माणसे पाव खाऊ लागलो, मिसळीबरोबर, वड्याबरोबर, भाजीबरोबर इतका खाऊ लागलो की तो आपलाच पदार्थ झाला. करणारा मात्र दुसऱ्याचा राहिला.

युरोपात तसे नव्हते. तिथे पाव हेच अन्न, त्यामुळे पाववाला हा गावातला जुना धंदेवाईक. त्याच्या छातीत काय चालते हे पहिल्याने नीट लिहून ठेवणारा माणूस इटलीतला. बर्नार्डिनो रामाझिनी हा १६३३ साली कार्पी गावी जन्मला आणि मोडेना येथे वैद्यकाचा अध्यापक झाला. कारागिरांच्या रोगांवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली निघाला, तेव्हा तो सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचा होता. १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली आणि पुढल्याच वर्षी तो वारला. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही, तेव्हा लॅटिनचा प्रश्नच नव्हता. राइट नावाच्या विदुषीने १९४० साली केलेले इंग्रजी भाषांतर कोश शेजारी ठेवून वाचले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने हे पुस्तक वाचावेच, असे माझे मत आहे. माणसे कशी पाहावीत हे त्यात आहे.

ग्रंथाचे मूळही मोठे लक्षात राहण्याजोगे आहे. मोडेनामध्ये घरोघरचे शौचकूप उपसण्याचे काम चालू होते. एक कामगार जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझिनीने विचारले, बाबा, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, इथे चार तासांहून अधिक राहिले तर माणूस आंधळा होतो. रामाझिनीने त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि धुरकट झाले होते. मग त्याने गावातले असे आंधळे भिकारी पाहिले आणि त्याला धंद्यांच्या रोगांचा नाद लागला. हिपोक्रेटिसने सांगून ठेवले होते की रोग्याला अमुक अमुक प्रश्न विचारावेत. रामाझिनीने त्यांत आपल्या पदरचा एक प्रश्न घातला, ‘तू धंदा काय करतोस?’ अडीच हजार वर्षांच्या वैद्यकात या एका प्रश्नाइतकी स्वस्त आणि मोलाची भर क्वचितच कोणी घातली असेल.

पाववाल्यांविषयी त्याने जे लिहिले ते थोडक्यात असे. सगळे जग झोपते तेव्हा हे लोक काम करतात आणि जग उठते तेव्हा हे झोपू पाहतात. पीठ चाळताना, ओतताना त्याचा बारीक भुगा उडतो; तोंडाला फडके बांधले तरी तो श्वासावाटे आत जातोच. तिथे तो लाळेशी कालवला जाऊन कणकेसारखा चिकटतो, घशात, पोटात, फुप्फुसांत. मग खोकला, आवाज बसणे, धाप आणि शेवटी दमा. डोळ्यांनाही त्रास होतो. मळून मळून हात सुजतात, ते वेगळेच. उपाय म्हणून तो तोंड वारंवार धुवायला सांगतो आणि पाण्यात शिरका घालून गुळण्या करायला सांगतो.

पीठ फुप्फुसात आंबते आणि त्याची कणीक होते, ही त्याची उपपत्ती चुकीची होती. परंतु निरीक्षण पाहा! धूळ, डोळे, घसा, धाप, दमा. क्रमसुद्धा जवळजवळ बरोबर आहे. हा मनुष्य दवाखान्यात बसून राहिला नाही. तो पीठ चाळणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि कारखान्याची पायरी चढण्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले.

पुढची दीडशे वर्षे या विषयात फारसे काही घडले नाही. पीठ अंगावर आले ते आगीच्या रूपाने. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतच, तुरीन शहरात, जाकोमेल्ली नावाच्या पाववाल्याच्या कोठारात एक पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ ढकलीत होता. पिठाचा ढीग एकदम कोसळला, धुळीचा लोट उठला, दिव्याची ज्योत त्याला लागली आणि मोठा स्फोट होऊन खिडक्या उडाल्या. काउंट मोरोत्सो याने त्याची रीतसर चौकशी करून अहवाल लिहिला. पिठाच्या धुळीच्या स्फोटाची ही पहिली नोंद समजतात. १८७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनिआपोलिस येथे वॉशबर्न कंपनीची प्रचंड गिरणी अशीच उडाली आणि अठरा माणसे मेली. त्यानंतर गिरण्यांतून धूळ ओढून घेणारी यंत्रे झपाट्याने आली. धूळ इमारत पाडते म्हटल्यावर तिचा बंदोबस्त झाला. ती माणूस पाडते हे रामाझिनीने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सांगितले होते.

लंडनची कथा याच धर्तीची आहे. १८४८ साली किंग्ज कॉलेजातले डॉक्टर विल्यम गाय यांनी पाव भाजणाऱ्या मजुरांची बाजू मांडणारे व्याख्यान दिले. लोकांनी ते ऐकले आणि सोडून दिले. मग मजुरांनी स्वतः तक्रारी केल्या आणि सरकारने ट्रेमेनहीर नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीस नेमले. त्याचा अहवाल १८६२ साली आला. रात्री अकराच्या सुमारास काम सुरू होते. कणीक मळून झाली की मजूर त्याच लाकडी काथवटीच्या झाकणावर अंगाखाली एक पोते आणि उशाला एक पोते घेऊन दोन तास डोळा लावतो. मग पुन्हा जो उठतो तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी संध्याकाळपर्यंत. हे सारे तळघरात, भट्टीच्या उष्म्यात. पाववाला बेचाळिशी क्वचितच गाठतो असे अहवालात होते. मार्क्सने १८६७ च्या आपल्या ग्रंथात कामाच्या तासांच्या प्रकरणात हा अहवाल भरपूर वापरला आहे. मी स्वतः चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे तो बेचाळिसाचा आकडा वाचताना जरा थांबलो, एवढे सांगितले पाहिजे.

पण पार्लमेंट हलले ते या आकड्याने नव्हे. त्याच अहवालात असेही होते की पावात तुरटी असते, कोळिष्टके असतात, झुरळे असतात आणि मळणाऱ्याचा घाम असतो. हे वाचून खाणाऱ्यांच्या पोटात गोळा आला आणि १८६३ साली कायदा झाला. भिंतींना चुना लावा, जागा स्वच्छ ठेवा, आणि अठरा वर्षांखालच्या पोराला रात्री नऊ ते पहाटे पाच कामावर ठेवू नका. वयात आलेल्या माणसाने किती तास ती धूळ खावी, याबद्दल कायदा गप्प राहिला. पंचहौदात जसे बिस्किट दिसले आणि हात दिसला नाही, तसेच हे.

सगळ्यांत नवलाची गोष्ट घडली ती अमेरिकेत, आणि तिच्यापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. न्यूयॉर्क शहरात गोरगरिबांच्या चाळींच्या तळघरांत भट्ट्या होत्या. छत डोक्याला लागे, अंगावरून गटाराचे नळ गेलेले. १८९५ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की पाव भाजणाऱ्याकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. या कायद्यासाठी झटलेल्यांत हेन्री वाइसमन हा जर्मन माणूस अग्रभागी होता. तो पाववाल्यांच्या युनियनचा पुढारी आणि त्यांच्या पत्राचा संपादक होता. युटिका गावी जोसेफ लॉखनर नावाचा एक बेकरीवाला होता. त्याने एका नोकराला साठ तासांवर राबवले म्हणून त्याला पन्नास डॉलर दंड झाला. हा त्याचा दुसरा गुन्हा होता. त्याने दंडावर अपील केले, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात हरला, तेव्हा खटला वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात नेला. तिथे त्याच्या बाजूने वकील म्हणून कोण उभा राहिला असेल? हेन्री वाइसमन! मधल्या काळात तो युनियनमधून बाहेर पडला होता, स्वतःची बेकरी काढून मालक झाला होता, आणि कायदाही शिकला होता. ज्या कायद्यासाठी सभा गाजवल्या तोच कायदा मोडून काढण्यासाठी तो न्यायासनापुढे उभा राहिला आणि पाववाल्यांची प्रकृती इतर धंदेवाल्यांपेक्षा काही फार वाईट नसते, असे दाखविणारे आकडे त्याच्या बाजूने सादर झाले. कादंबरीत मी असा माणूस घातला असता तर संपादकांनी तो खोटा वाटतो म्हणून हस्तलिखित परत केले असते.

१७ एप्रिल १९०५ रोजी निकाल लागला. पाच विरुद्ध चार मतांनी लॉखनर जिंकला. न्यायमूर्ती पेकहॅम यांचे म्हणणे असे की मालक आणि नोकर यांनी आपसांत किती तासांचा करार करावा हा त्यांचा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. पाव भाजण्याचा धंदा काही इतका अपायकारक नाही की सरकारने मध्ये पडावे. असे म्हणू लागलो तर कोणताच धंदा सुटणार नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरुद्ध मत दिले. त्यांनी एका लेखकाचा आधार घेऊन लिहिले की पिठाची धूळ सतत ओढल्याने फुप्फुसे व श्वासनलिका सुजतात आणि हे लोक पन्नाशीपलीकडे क्वचितच जातात. म्हणजे रामाझिनीचीच साक्ष दोनशे वर्षांनी न्यायालयात झाली आणि एका मताने हरली. न्यायमूर्ती होम्स यांनी वेगळे विरुद्ध मत लिहिले. त्यात ते म्हणाले की हर्बर्ट स्पेन्सरचे समाजशास्त्र म्हणजे काही अमेरिकेची घटना नव्हे. स्पेन्सरचे नाव वाचून मला आगरकरांची आठवण झाली. त्याच स्पेन्सरच्या वाचनातून आगरकरांनी आपल्याकडे विधवेच्या आणि मुलीच्या मोकळेपणाचा विचार उभा केला. तिकडे त्याच्याच विचारसरणीने तळघरातल्या मजुराला साठ तासांपलीकडे राबण्याचे ‘स्वातंत्र्य’ मिळाले. ग्रंथ तोच, पण तो कोणाच्या हातात पडतो यावर बरेच अवलंबून असते. या निकालाची सावली अमेरिकन कायद्यावरून १९३७ पर्यंत हलली नाही.

रात्रपाळीविरुद्धचा झगडा निराळा. पॅरिसच्या कम्यूनने एप्रिल १८७१ मध्ये पाववाल्यांचे रात्रीचे काम बंद केले. कम्यून मेपर्यंतच टिकले. फ्रान्सने पुन्हा तसा कायदा १९१९ साली केला आणि १९२५ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेकऱ्यांच्या रात्रपाळीविषयी करारच केला. साहित्यात हे जग आणले ते गॉर्कीने. कझान शहरात त्याने स्वतः बेकरीत काम केले होते. ‘सव्वीस पुरुष आणि एक मुलगी’ ही त्याची कथा १८९९ साली प्रसिद्ध झाली. तीत तळघराच्या खिडक्यांच्या काचांवर पिठाची इतकी धूळ बसलेली आहे की ऊन आत येत नाही. मराठीत गॉर्की आवडीने वाचणारे पुष्कळ आहेत. त्या काचांवरच्या धुळीकडे किती जणांनी लक्ष दिले असेल, कोण जाणे. जी काचेवर बसली तीच सव्वीस जणांच्या छातीतही बसली असणार.

आता ही धूळ करते काय, ते विसाव्या शतकात उलगडले. १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी पतिपत्नी आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिक यांनी रक्तातले ते द्रव्य शोधले, ज्याला पुढे ‘आयजीई’ हे नाव मिळाले. साध्या भाषेत सांगायचे तर असे. गव्हाच्या पिठातली प्रथिने महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे नाकातून आत जात राहतात. काहींचे शरीर केव्हातरी त्यांना शत्रू ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध हे द्रव्य तयार करून ठेवते. त्यानंतर चिमूटभर पीठ उडाले तरी शरीर लढाईला उभे राहते. आधी शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, मग खोकला, मग छाती आवळणे आणि शिट्टीसारखा आवाज. पीठ नुसते गव्हाचेच असते असेही नाही. त्यात धान्यातल्या टोक्यांचे आणि बारीक किड्यांचे अवशेष असतात. शिवाय पाव हलका व्हावा म्हणून बुरशीपासून काढलेले अमायलेज नावाचे एक पाचक द्रव्य मिसळतात. तेही दमा आणते, हे १९८० नंतरच्या दशकात ध्यानात आले.

किती धूळ चालेल याचे आकडेही ठरले आहेत. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. ब्रिटनमध्ये कायद्याची मर्यादा दहा मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. काम करणारा माणूस आठ तासांत सुमारे दहा घनमीटर हवा ओढतो असे धरतात. तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा. तेव्हा पहिल्या मर्यादेत माणसाच्या नाकातोंडातून दिवसाला पाव दाण्याइतके पीठ जाईल, दुसऱ्या मर्यादेत पाच दाण्यांइतके. शिक्षकी पेशामुळे असली गणिते केल्यावाचून मला राहवत नाही. पण यातला खरा अर्थ असा की ज्याचे शरीर एकदा बिथरले, त्याला पाव दाणाही पुरतो.

असा एक मुलगा माझ्या पाहण्यातला आहे. आमच्या शाळेतून नववीत बाहेर पडला आणि एका बेकरीत लागला. पहिले वर्ष पोती फोडण्याचे काम. मैद्याचे पोते खांद्यावरून यंत्रात उलटे करायचे, रिकामे झाले की झटकून घडी घालायची, मग पाटावर मैदा भुरभुरायचा आणि पहाटे सगळी फरशी खराट्याने झाडायची. दुसऱ्या वर्षी शिंका सुरू झाल्या. तिसऱ्या वर्षी तो मला बाजारात भेटला तो थांबून थांबून बोलत होता. म्हणाला, “सर, गावी गेलो की छाती मोकळी होते बघा. आलो की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.” मी विचारले, डॉक्टर काय म्हणतात? म्हणाला, “मुंबईकडची हवा सोसत नाही म्हणतात. बाटली देतात.” डॉक्टरांनी तुझे काम काय असे विचारले का, या माझ्या प्रश्नावर तो नुसता हसला. गावी बरे वाटणे आणि कामावर परतताच त्रास होणे, ही या दम्याची जगभर मान्य झालेली खूण आहे. पोराने ती आपण होऊन सांगितली होती. फक्त तो तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

कागदावर पाहिले तर आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे धंद्यामुळे होणारा दमाही घातला गेला. १९४८ चा कारखाना कायदा धूळ आणि धूर काढून टाकण्याची व्यवस्था करायला सांगत होता. पण विजेचे यंत्र असेल तर दहा माणसे असल्याखेरीज तो कारखानाच नव्हे, असे त्याचे गणित होते, आणि आपल्या गल्लीतल्या बेकरीत माणसे मोजली तर ती नेमकी सात-आठ भरतात. उपाय तर इतके साधे आहेत की सांगतानासुद्धा संकोच वाटावा. पोते उंचावरून ओतू नये, तोंड खाली नेऊन हळू सोडावे. यंत्र झाकण लावून, आधी सावकाश फिरवावे. पाटावर मैद्याऐवजी तेलाचा हात फिरवावा. रिकामी पोती झटकू नयेत, गुंडाळावीत. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही, सवय लागते. आणि सवय मालकाने लावल्याखेरीज लागत नाही.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. महापालिकेने नोटिसा काढल्या, वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. कडक पावाची चव जाईल का, इराण्यांच्या जुन्या बेकऱ्या टिकतील का, पाव महाग होईल का. आदेश योग्यच होता. धूर शेजाऱ्यांच्या आणि भट्टीवाल्याच्याही छातीत जातो. पण धूर धुराड्यातून बाहेर पडतो म्हणून तो शहराला दिसतो. मैद्याच्या धुळीला धुराडे नाही. ती दार लावून घेतलेल्या खोलीतच उठते आणि तिथेच खाली बसते.

तो मुलगा आता बेकरीत नाही. मळणे, वळणे, भट्टीचा अंदाज, सगळे काम त्याला येत होते. उस्ताद त्याला आपल्या जागी बसवणार होता. ते सोडून तो स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरे विकतो. श्वास पुष्कळ सुधारला आहे, पण पिठाच्या गिरणीवरून जाताना अजून रस्ता ओलांडून पलीकडून जातो. बेकरीत त्याच्या जागी त्याचाच मामेभाऊ लागला आहे, सतरा वर्षांचा. नवा आहे, म्हणून सध्या पोती फोडण्याचे काम त्याच्याकडे आहे.